गुडघेदुखीवरील व्यायाम व साधने : एक अनुभव

(संस्थेच्या सभागृहात सभासद व अभ्यासिकेतील विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या विषयावर एखाद्या डॉक्टरांना पाचारण करावे, असे मी कार्यकारिणीच्या बैठकीत सुचवले होते. परंतु आपले सचिव म्हणाले, "डॉक्टर येतील तेव्हा येतील. तुमच्या घरात जे घडले ते आधी तुम्ही सांगा." म्हणून मी उभा आहे. मी बँकेत लिपिक आहे. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरताच. तेव्हा जे सांगणार आहे ते आईच्या निमित्ताने शिकलेले, नंतर वाचलेले आणि जाणकारांना विचारून खात्री करून घेतलेले आहे, एवढेच समजावे.

प्रथम माझी चूक सांगतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी चालू असण्याचा संभव आहे.

माझ्या आईने बावीस वर्षे धान्याच्या गोदामात काम केले. पोती झाडणे, धान्य निवडणे, वारणे. दिवसभर उकिडवे बसणे आणि सुटीच्या वेळी डोक्यावर सरपण घेऊन घरी येणे. साठी ओलांडल्यावर तिचे गुडघे दुखू लागले. उजवा जास्त. त्या सुमारास मला बँकेत बढती नाही, पण बरी शाखा मिळाली होती, घरात जरा स्वस्थता होती. मी म्हणालो, "आई, खूप केलंस. आता बसून राहा." तिचे पाणी भरणे बंद केले, बाजार बंद केला, जिन्याने खाली जाणे बंद केले. खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली. येणारे-जाणारे म्हणत, मुलगा असावा तर असा. मलाही ते खरे वाटत असे.

वर्षभरात आईचे बाहेर पडणे संपले. ह्या सभागृहाला अकरा पायऱ्या आहेत, त्या तिला चढवेनात. वंदनेच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत, खाली बसले तर दोघींनी धरून उठवावे लागते, त्याची तिला लाज वाटे. अशा आठ-दहा आजी मागे भिंतीला टेकून उभ्या असतात हे आपण दर पौर्णिमेला पाहतो. आई त्यांतूनही गळली. पुढे एके दिवशी माझी पत्नी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "आई पाणी पीत नाहीत." मला उमजेना. ती म्हणाली, "संडासात बसता-उठता येत नाही म्हणून. दिवसाला दोन पेले पितात, मी मोजलंय." हे एका बाईच्याच ध्यानात यावे, आणि तिच्या पोटच्या मुलाच्या येऊ नये, ह्याचे मला आजही वाईट वाटते.

मधल्या काळात उपचार झाले नाहीत असे नाही. तेले झाली, चुंबकाचा पट्टा झाला. एका खाजगी दवाखान्यात मशीनच्या दहा बैठका घेतल्या. आई पलंगावर पडून राही, गुडघ्याभोवती गाद्या बांधत, कधी शेक तर कधी मुंग्या येणारा करंट. त्या वेळेपुरते बरे वाटे. संध्याकाळी पुन्हा तेच. त्या दहा दिवसांत तिला कोणीही "पाय उचलून दाखवा" असे म्हटले नाही. त्यापायी माझी एक आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडली. मोडणाऱ्यांचे अर्ज मी रोज घेतो, त्या दिवशी स्वतःचा भरला.

शेवटी ओळखीच्या एका परिचारिकाबाईंनी महानगरपालिकेच्या रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात जायला सांगितले. तेथे लांब बाकडे आणि मोठी रांग. तपासणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने आधी काही न बोलता शिंप्याकडे असते तशी टेप काढली, आईच्या वाटीपासून वर दहा सेंटिमीटर मोजून खूण केली आणि तेथे दोन्ही मांड्यांचे माप घेतले. उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक भरली. मग विचारले, "आजींना घरात काय काय काम असतं?" मी अभिमानाने म्हणालो, "काही नाही. आम्ही त्यांना काहीच करू देत नाही." तिने लिहिता लिहिता हात थांबवला. "तेच झालंय, दादा," ती म्हणाली. "एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसते, वाळलेली मांडी दिसत नाही."

मित्रहो, आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे. गुडघा हा मांडीच्या जोरावर उभा असतो.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात. दोहोंच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. पुढे वाटी. "गुडघ्यातले तेल संपले" किंवा "गॅप आली" असे आपण म्हणतो, त्यात अर्धे खरे आहे. कूर्चा झिजते आणि सांध्यातली जागा कमी होते, म्हणजे गॅप येत नाही, उलट जाते. परंतु ह्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात हे मला माहीत नव्हते. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होते. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की सैल होते आणि स्पंजासारखी द्रव आत घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे जेवण. माणसाला खुर्चीत बसवून ठेवले की आपण त्या कूर्चेला उपाशी ठेवतो.

दुसरी गोष्ट स्नायूची. मांडीच्या पुढच्या बाजूस चार भागांचा मोठा स्नायू असतो, डॉक्टर त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. खुर्चीतून उठवतो तो हाच, आणि जिना उतरताना ब्रेक लावतो तोही हाच. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारे उपकरण बसवून पाहिले आणि त्याचे आकडे २०१० साली प्रसिद्ध केले. सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटींहून थोडा अधिक भार गुडघ्यावर येतो, जिना उतरताना साडेतीनपट. साठ किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर उतरताना सुमारे २१० किलो, म्हणजे पन्नास किलोची चार पोती. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोती काय मला नवीन नाहीत." पण ती पोती पेलणारी मांडी तेव्हा शाबूत होती.

ह्यात एक दुष्टचक्र आहे. गुडघा सुजला की शरीरच मांडीच्या स्नायूला आखडते घ्यायला सांगते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात मिठाचे पाणी टोचून प्रयोग झाले आहेत. दुखत नसतानाही, केवळ सांधा फुगल्यामुळे, मांडीचा स्नायू पूर्ण जोर लावीत नाही असे दिसले. म्हणजे दुखले म्हणून मांडी सुटते, मांडी सुटली म्हणून सांध्यावर जास्त आदळते, आदळले म्हणून दुखते. ह्यातून बाहेर काढायला मांडीला मुद्दाम, मोजून, वाढत्या क्रमाने काम द्यावे लागते.

इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे येथे जरा रेंगाळतो. हे "मोजून, वाढत्या क्रमाने" कोठून आले? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शिकागो येथे गार्डिनर नावाचे लष्करी रुग्णालय होते. गुडघ्याला दुखापत झालेले सैनिक तेथे महिनोन्‌महिने पडून असत. त्यांना हलकेफुलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावीत, मांड्या भरून येत नसत, आणि खाटा कमी पडत. तेथे थॉमस डेलॉर्म नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर होता. तो लहानपणी संधिज्वराने अंथरुणाला खिळला होता आणि पुढे वजने उचलून त्याने शरीर कमावले होते. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट अडकवले, त्यांना वजने लावली आणि बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावले. दर आठवड्याला वजन वाढवायचे. जखमी सांध्याला वजन लावणे हे त्या काळी वेडेपणाचे वाटण्यासारखे होते. १९४५ साली त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे आर्थर वॉटकिन्स ह्या सहकाऱ्याबरोबर काम करताना त्याच्या ध्यानात आले की फार वेळा उचलण्याची गरज नाही, दहा-दहाच्या तीन फेऱ्या पुरतात. आपल्या वस्तीतील जी मुले व्यायामशाळेत "दहाचे तीन सेट" मारतात, त्यांच्या त्या हिशेबामागे ह्या जखमी सैनिकांचे गुडघे आहेत, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. म्हणजे ही विद्या आपल्या दारात सत्तर वर्षे आहे. आपण मात्र अजून गुडघ्याला तेलच चोळतो. तेल चोळू नये असे माझे म्हणणे नाही. मायेने कोणी पाय चोळला तर बरे वाटतेच. त्याने मांडी भरत नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष व्यायाम. आईला जे शिकवले ते ज्या क्रमाने शिकवले त्याच क्रमाने सांगतो. पण आपला गुडघा एकदा तपासून घ्यावा आणि मगच हे करावे.

पहिला व्यायाम टॉवेलचा. पाय पसरून बसायचे किंवा आडवे व्हायचे, टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबायची. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे, हात लावून पाहावे. पाच अंक मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. अंक मोठ्याने मोजावेत. मोठ्याने मोजताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. पहिल्या दिवशी आईची डावी मांडी घट्ट झाली आणि उजवी नुसती थरथरली. तिला स्वतःच्याच पायाला हुकूम देता येत नव्हता. ती त्या पायाकडे दुसऱ्या कोणाच्या पायाकडे पाहावे तशी पाहत होती. चार-पाच दिवसांनी स्नायू ऐकू लागला.

दुसरा, सरळ पाय उचलणे. उताणे झोपावे, चांगला पाय गुडघ्यात दुमडून ठेवावा म्हणजे कंबरेला ताण येत नाही. दुखरा पाय आधी घट्ट सरळ करावा, मग फूटभर उचलावा, पाच अंक धरावा आणि सावकाश खाली आणावा. धपकन टाकू नये. सावकाश उतरवणे म्हणजेच जिना उतरण्याची तालीम आहे. हाच पाय कुशीवर झोपून बाजूला उचलला की कंबरेच्या बाजूचे स्नायू कामाला लागतात. चालताना जे डावी-उजवीकडे झुलतात त्यांना ह्याची फार गरज असते.

तिसरा, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे. डेलॉर्मचा लोखंडी बूट तो हाच, आपण त्याजागी वाळूची पिशवी वापरतो. तिच्याविषयी पुढे सांगतो. वाटीच्या मागे दुखत असेल तर वजन उतरवावे, हट्ट करू नये.

चौथा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तो व्यायाम वाटतच नाही. खुर्चीवरून उठणे आणि बसणे. हात न टेकता. खुर्ची भिंतीला लावावी म्हणजे सरकणार नाही. आईला साध्या खुर्चीवरून उठवेना, तेव्हा त्या मुलीने विचारले, "घरी गोधडी आहे ना?" गोधडीची जाड घडी खुर्चीवर ठेवून बैठक उंच केली. उंच बैठकीवरून उठणे सोपे जाते. दर आठवड्याला गोधडीची एक घडी मोडायची, बैठक तेवढी खाली येते. सैनिकाच्या बुटात वजन वाढत होते, आमच्याकडे गोधडी उतरत होती. पाचव्या आठवड्यात गोधडी खुर्चीवरून खाटेवर परत गेली.

ह्याशिवाय स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि पाय लांब करून चवड्यात जुनी ओढणी अडकवून हळू ओढणे, म्हणजे मांडीमागची व पोटरीची शीर मोकळी होते. आणि चालणे. आधी पाच मिनिटे, मग दहा.

किती दुखू द्यावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्याच्या रुग्णांचे व्यायामवर्ग चालतात, सहा आठवड्यांत बारा वर्ग. तेथे सांगितला जाणारा नियम मला पटला. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरल्यास व्यायामाच्या वेळी पाचपर्यंत दुखणे चालेल, मात्र चोवीस तासांत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. आले नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करावे, पण सोडू नये. दुखले म्हणजे झिजले, असे नव्हे. ही भीती माझ्या आईपेक्षा माझ्याच मनात जास्त होती.

आणि फळ आठवड्यात मिळत नाही. आठ ते बारा आठवडे धरावेत. खात्यात पैसे टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी व्याज विचारायला येणारे ग्राहक मी पाहिले आहेत.

साधनांविषयी बोलतो. काठीने सुरुवात करतो, कारण सभागृहात आता मला सहा काठ्या दिसत आहेत आणि त्यांतल्या चार चुकीच्या हातात आहेत. रागावू नये. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे पडली पाहिजे, म्हणजे त्या पायावरचा भार काठी वाटून घेते. उंची अशी, की हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचे रबरी बूच झिजले की बदलावे. गुळगुळीत बुचाची काठी ओल्या फरशीवर माणसाला पाडते. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

गुडघ्याचा पट्टा, ज्याला नी-कॅप म्हणतात, तो ऊब देतो, आधार असल्यासारखे वाटते. बाहेर जाताना घालावा. दिवसरात्र घालून बसू नये. पट्टा मांडीचे काम करीत नाही. शेक की बर्फ, ह्यावरही घरोघरी वाद असतो. सकाळी आखडलेल्या गुडघ्याला गरम शेक बरा वाटतो, सुजून गरम झालेल्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी दोन्ही बाबतीत जपावे, भाजलेले कळत नाही.

सर्वांत उपयोगी पडलेले साधन मात्र कोणत्याही फिजिओथेरपीच्या दुकानात नव्हते. संडासावर ठेवायची मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची. ती आणली त्या दिवशी आईने रात्री दोन पेले पाणी मागून घेतले. ह्या खुर्चीविषयी बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायी किती म्हाताऱ्या तहानलेल्या राहत असतील, कोणास ठाऊक. घरी जाऊन आपापल्या आईला, आजीला विचारा.

आता मशीन, इंजेक्शन व शस्त्रक्रिया ह्यांविषयी. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना करणारी नाइस ही संस्था आहे. तिने २०२२ साली झिजेच्या संधिवाताबाबत स्पष्ट सांगितले, की व्यायाम हा मुख्य उपचार, वजन जास्त असल्यास ते कमी करणे हा दुसरा, आणि करंटच्या, अल्ट्रासाउंडच्या मशीन देऊ नयेत, कारण त्यांचा पुरेसा उपयोग दिसत नाही. माझी मोडलेली ठेव मला तेव्हा आठवली. वजनाचे म्हणाल तर २००५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. इंजेक्शनाने लवकर बरे वाटते हे खरे. पण २०२० साली अमेरिकन लष्करी रुग्णालयांतील १५६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत निम्म्यांना स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली होती, आणि वर्षाअखेर फिजिओथेरपीवाले अधिक बरे होते. आणि दुर्बिणीतून गुडघा "साफ" करण्याची जी शस्त्रक्रिया असते, तिच्याविषयी तर ह्यूस्टनला १८० रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना नुसत्याच वरवर चिरा दिल्या आणि आत काही केले नाही. २००२ साली निकाल आला, दोन्हींत फरक नव्हता.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वेगळी. ज्याला तिची खरोखर गरज आहे त्याने ती जरूर करावी, तिने लोक पुन्हा चालू लागतात. पूर्वी कृत्रिम सांध्याच्या किमतीला धरबंध नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची ५४,७२० रुपये, कर वेगळा. रुग्णालयाचा खर्च मात्र त्याहून निराळा. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी, ते आपल्याला मागता येते. आणि शस्त्रक्रिया करायची असली तरी मांडी आधी भरून न्यावी. नवा सांधाही जुन्याच मांडीने चालवायचा असतो.

एक सावधगिरी. गुडघा लाल, गरम होऊन सोबत ताप असेल, पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नसेल, गुडघा अडकून बसत असेल, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, तर टॉवेल-गोधडीच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. डॉक्टर किंवा इंजिनीयर, ह्या दोनच वाटा आपल्याला दिसतात. फिजिओथेरपीची पदवी ही तिसरी वाट आहे. तिच्या प्रवेशाला नीटची परीक्षा द्यावी लागते. ज्या मुलीने माझ्या आईची मांडी मोजली तिचे वडील रिक्षा चालवतात, हे तिनेच बोलता बोलता सांगितले. आणि पालकांनी उपचाराला जाताना महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. बँकेत आम्ही ओळखपत्र मागतोच ना.

आईचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. तिचा गुडघा दुखायचा थांबलेला नाही. पावसाळ्यात जास्त कुरकुरतो. जमिनीवर ती आजही बसत नाही. बारा आठवड्यांनी त्या मुलीने पुन्हा टेप लावली, तीन सेंटिमीटरचा फरक दीडवर आला होता. आता ती स्वतः भाजी आणते, पैशांचा हिशेब मला देत नाही, आणि आज ती येथे चौथ्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. अकरा पायऱ्या चढली. माझ्या खांद्याला धरून चढली, कारण आपल्या पायऱ्यांना कठडा नाही.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की रंगकामाचा प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकलावा आणि त्या निधीतून पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी नळीचा कठडा बसवावा. दोन्ही बाजूंनी, कारण काहींचा उजवा दुखतो, काहींचा डावा. मी एका वेल्डरकडून लेखी दरपत्रक आणले आहे, ते सचिवांकडे दिले आहे. वंदनेच्या वेळी खुर्च्या मागे भिंतीपाशी न ठेवता पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना ठेवाव्यात, ही दुसरी विनंती. तिला खर्च नाही.

राहिली वाळूची पिशवी. जुन्या पॅन्टचा पाय कापून, दुहेरी शिवण घालून, धुऊन वाळवलेली चाळलेली वाळू भरायची आणि दोन्ही टोकांना नाडी लावायची, म्हणजे घोट्यावर बांधता येते. आपल्या शिलाई वर्गातील भगिनींनी अशा चोवीस पिशव्या शिवल्या आहेत, बारा अर्ध्या किलोच्या आणि बारा एक किलोच्या. मी बँकेच्या नव्हे, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिल्या आहेत. सुरुवात अर्ध्या किलोने करावी. पिशव्या ग्रंथालयाच्या खालच्या कप्प्यात आहेत, शेजारी नोंदवही ठेवली आहे. नाव, तारीख आणि पिशवीचा क्रमांक लिहावा, तीन महिन्यांनी परत करावी. पहिल्या पानावर पहिले नाव माझ्या आईने स्वतः लिहिले आहे. तिने एक किलोची नेली आहे.